ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र : गुलामगिरीची भरपाई एकदा दिली गेली आहे

माननीय अर्थमंत्री,
ब्रिटिश सरकार, लंडन

सविनय नमस्कार.

कॅरिबियन देश ब्रिटनकडे गुलामगिरीची भरपाई मागत आहेत, त्याबद्दल हे पत्र आहे. मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. २००६ पासून इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोकरी करते आणि पहिल्या पगारापासून इथला कर भरते. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण एवढेच, की इथल्या माझ्या भाषेच्या माणसांच्याही खिशातून गुलामांच्या मालकांना दिलेल्या भरपाईचा पैसा गेला आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्या खात्याने समाजमाध्यमावर कळवले, की गुलामगिरी संपवण्यासाठी काढलेले कर्ज २०१५ साली फिटले आणि आजच्या लाखो करदात्यांनी त्याला हातभार लावला. टीका झाल्यावर तो मजकूर काढून टाकला गेला. त्या रात्री मी कपाटातून २००६ ते २०१५ च्या जुन्या पगारपावत्या काढल्या. नऊ वर्षांच्या होत्या.

हा पैसा मिळाला कोणाला, हे त्या मजकुरात नव्हते. १८३३ च्या कायद्याने २ कोटी पौंड, म्हणजे सरकारच्या त्या वेळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के रक्कम, ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांच्या मालकांना मंजूर झाली. सुमारे ८ लाख गुलामांच्या हातावर एक पेनीही पडली नाही. उलट बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांच्या मळ्यांवर आठवड्याचा बराचसा वेळ बिनपगारी राबावे लागले. दाव्यांचे तक्ते लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. त्यांत कारागीर, शेतमजूर, ‘कमी प्रतीचे’ शेतमजूर, घरकामाची माणसे असे वर्ग पाडलेले आहेत, आणि शेवटी सहा वर्षांखालची मुले व ‘वृद्ध, आजारी किंवा अन्यथा निरुपयोगी’ माणसे. वर्गापुढे संख्या, संख्येपुढे रक्कम. वॉर्डात मीही रोज वय आणि आजार लिहिते, पण तिथे आधी माणसाचे नाव असते.

म्हणूनच, इतक्या जुन्या अन्यायाचा हिशेब कसा मांडायचा आणि न केलेल्या गुन्ह्याचे पैसे आजच्या पिढीने का भरायचे, हे प्रश्न सरकारकडून ऐकताना मला वेदना होतात. आपल्याच सरकारने एकेका लहान मुलापर्यंत हिशेब मांडला होता. मी तर या देशात जन्मलेही नाही, तरी मालकांच्या भरपाईचे कर्ज फेडताना माझी पिढी कोणी विचारात घेतली नाही.

पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे वडील जॉन यांना अडीच हजारांहून अधिक गुलामांपोटी एक लाखावर पौंड मिळाले. याच गृहस्थांनी १८३८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानातल्या आपल्या मळ्यांसाठी कलकत्त्याहून करारबद्ध मजूर नेले. त्यांच्या वंशजांनी २०२३ मध्ये गयानात जाऊन माफी मागितली. मॉरिशसच्या उसात गुलामांच्या जागी अशीच माणसे आली आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेले माझ्या कोकणातले लोकही होते. तिथे आजही मराठी घरे आहेत. आमच्या लोकांचे कष्ट गुलामांच्या यातनांच्या तोलाचे होते असे मी म्हणत नाही. पण गुलामांना रिकाम्या हाताने सोडून मालकांना सावरणाऱ्या व्यवस्थेनेच त्यांना तिथे नेले, हे मला विसरता येत नाही.

कॅरिबियन देशांनी २०१३ मध्ये भरपाई आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी आपल्या दहा मागण्या मांडल्या. औपचारिक माफी, सार्वजनिक आरोग्य, साक्षरता आणि कर्जमाफी या गोष्टी त्यांत आहेत. घरोघरी धनादेश वाटा, असे त्यांचे म्हणणे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआच्या राष्ट्रकुल परिषदेत या विषयावर चर्चेची वेळ आली आहे असे जाहीर निवेदनात मान्य झाले, आणि त्यावर आपल्या देशाचीही संमती आहे.

माझी विनंती अशी, की या चर्चेला परराष्ट्र खात्याबरोबर अर्थखात्याचे अधिकारीही बसवावेत, आणि मालकांच्या भरपाईसाठी १८३५ मध्ये काढलेल्या त्या कर्जाचा २०१५ पर्यंतचा पूर्ण हिशेब, व्याजासह, करदात्यांपुढे ठेवावा. माझ्या नऊ वर्षांच्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली नम्र,
एक करदाती