फोटोतल्या पाहुण्यांच्या मागचा पांढरा पाइप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर आमच्या तालुक्यातल्या एका नव्या भांडी कारखान्याच्या उद्घाटनाची बातमी फोटोसह आली. गावच्या पोरानं कर्ज काढून पत्रा दाबून भांडी घडवणारा प्रेस बसवला, आठ-दहा हातांना काम दिलं, याचा मला आनंद आहे. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचं नाव लांबवर होतं. आता पितळ मागे पडून स्टीलच्या वाट्या आणि डबे आले. निदान भांडी तरी इथंच बनताहेत. बातमीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती फोटोत पाहुण्यांच्या मागे, भिंतीवर जे दिसतं त्याची.

हार घातलेला प्रेस, फुटलेला नारळ, फीत आणि कात्री सगळ्यांनी पाहिली असेल. मी पेशानं फिटर, त्यामुळे माझी नजर भिंतीवर गेली. कोपऱ्यातल्या कंप्रेसरपासून निघून, पाहुण्यांच्या डोक्यांवरून, प्रेसच्या पायापर्यंत आलेला एक पांढरा पाइप. हाच पाइप आमच्याकडे विहिरीवरून धानाच्या बांधीत पाणी नेतो. पीव्हीसी. हार्डवेअरच्या दुकानात तोच मिळतो, आणि मोटारपंप बसवणारा माणूस तोच जोडून देतो. त्याला मी नावं ठेवत नाही, पाण्याच्या कामात तो माझ्यापेक्षा पक्का आहे. पण या पाइपात पाणी नाही, दाबलेली हवा आहे.

असं सांगितलं की मालक लोकांचं एकच उत्तर असतं. "काका, पाइपावर सहा किलो लिवलं हाये, आपली हवा बी सहाच किलो. मंग कायले लोखंडी पाइप?" किलो म्हणजे इथं दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब. पाइपावर लिहिलेलं खोटं नाही. आयएस ४९८५ या भारतीय मानकाचा शिक्का असतो, पुढे ६ किलो असं असतं. पण तो शिक्का पाण्याच्या पाइपाचा आहे, आणि तो आकडा २७ अंश तापमानाला धरलेला आहे. पीव्हीसी तापला की ढिला पडतो. ४३ अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, पत्र्याच्या शेडमध्ये छताखाली किती तापतं हे ज्याला पाहायचं असेल त्यानं दुपारी तीनला शिडी लावून पाइपाला हात लावून पाहावा. वरून कंप्रेसरच्या टाकीतून निघणारी हवाही गरमच असते. म्हणजे सहा किलोचा पाइप तीन किलोचा झाला, आणि मालक सहा म्हणत असले तरी कंप्रेसर सात किलोला बंद होतो.

शिवाय पाणी दबत नाही. पाण्याचा पाइप फुटला तर चीर पडते, फवारा उडतो, दाब तिथंच संपतो, मोटार बंद केली की झालं. हवा मात्र दबून बसलेली असते. फट मिळाली की ती सात-आठ पट फुगून बाहेर येते आणि पाइपाचे तुकडे सोबत आणते. लोखंडी पाइप चिरला तर शिट्टी वाजवतो. पीव्हीसीनं दोन-तीन उन्हाळे खाल्ले की तो काचेसारखा फुटतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९६ च्या मे महिन्यात नागपूरजवळच्या एका शेडमध्ये अशीच लाइन टाकली होती, आणि ती मीच टाकली होती. आयटीआय होऊन तीन वर्षं झाली होती, अंगात मस्ती होती. मालक म्हणाला स्वस्तात कर, मी केलं. जेवणाची सुट्टी संपली, कंप्रेसर भरला, आणि एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणावरचा जोड, फुटला. आवाज एवढा की शेजारच्या शेडमधले लोक धावत आले. एक तुकडा प्लायवूडच्या टूल बोर्डात रुतून बसला होता. दुसऱ्यानं माझ्या हेल्परचं कानशील फाडलं. चार टाके पडले. दोन बोटं इकडे असता तर डोळा गेला असता. त्यानं मला कधी बोल लावला नाही, आणि तेच जास्त टोचतं. त्यानंतर आजपर्यंत हवेसाठी मी पीव्हीसीला हात लावलेला नाही. त्यापायी गिऱ्हाईकं गेली, तर जाऊ दिली.

आता ही हवा प्रेसमध्ये जिथं लागते त्या कुशनबद्दल, कारण आपल्या वाचकांत प्रेसवाले थोडे आणि बाकीचे जास्त असतील. वाटी ओढायची तर पत्र्याची गोल चकती घेतात. पंच, म्हणजे वाटीच्या आतल्या आकाराचा ठोकळा, खाली बसवलेला असतो; डाय, म्हणजे बाहेरचा साचा, रॅमसोबत, म्हणजे प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागासोबत, वरून येते. पंचाभोवती एक रिंग असते, चकती तिच्यावर ठेवतात. रिंग पिनांवर उभी, पिना प्रेसच्या पोटातल्या कुशनवर, आणि कुशन म्हणजे हवेचा मोठा सिलिंडर. डाय खाली येते, चकतीची कड रिंगवर दाबून धरते आणि रिंगसकट सगळं खाली ढकलत नेते. कड ढिली सुटली तर वाटीला सुरकुत्या पडतात, फार आवळली तर तळाच्या गोलाईत वाटी फाटते. सगळा खेळ या आवळण्याचा. बारा इंची सिलिंडरात पाच किलो हवा म्हणजे साडेतीन टनांची पकड, आणि ती पहिल्या मिलिमीटरपासून शेवटापर्यंत जवळपास सारखी राहायला पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात तुमसर रस्त्यावरच्या एका युनिटातून बोलावणं आलं. दोन महिने वाट्यांचा ढीग भंगारात जात होता. मालकानं पत्रा बदलला, तेल बदललं, डाय दोनदा पॉलिश करून आणली. म्हणाला, "दाब कमी केला तं सुरकुत्या येतात जी, वाढवला तं फाटते. मधात काहीच नाही." मी प्रेसखाली वाकून पाहिलं. बारा इंची सिलिंडरला अर्धा इंची पाइप, तोही सिलिंडरच्या तोंडाशीच नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत सोडणारा पण परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावून. प्रेसजवळ टाकी कुठंच नाही.

दुखणं इथं होतं. रॅम खाली आला की सिलिंडरमधली हवा कुठंतरी जायला हवी. सिलिंडर आणि पाइपाचा तुकडा मिळून दहा लिटर हवा, आणि दहा सेंटिमीटर ओढलं की त्यातली सात लिटर जागा गेली. उरलेल्या तीन लिटरात सगळी हवा कोंबली जाते. सुरुवातीला पाच असलेला काटा शेवटाला पंधराच्या पलीकडे उडतो. म्हणून मध्ये काहीच नव्हतं. सुरुवातीच्या दाबाला सुरकुती आणि शेवटच्या दाबाला फाटणं, एकाच वाटीत दोन्ही.

उपाय जुना आणि साधा आहे. प्रेसला अगदी लागून पन्नास लिटरची टाकी, आणि टाकी ते सिलिंडर दोन इंची पाइप, जितका आखूड बसेल तितका. मध्ये कोणताही व्हॉल्व्ह नाही. नॉन रिटर्न आणि दाब ठरवणारा रेग्युलेटर टाकीच्या अलीकडे, कंप्रेसरच्या बाजूला. मग साठ लिटरातली सात लिटर जागा गेली तर पाचाचा काटा पावणेसहाच्या थोडा वर जातो आणि हवा परत फिरून येते. टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दाबाचा काटा हवा, आणि टाकी हायड्रो टेस्ट केलेली, म्हणजे पाण्याच्या दाबानं तपासलेली हवी. भंगारातल्या जाड पाइपाला दोन्हीकडून पत्रा वेल्ड करून बनवलेली चालत नाही. मी अशा दोन पाहिल्या आहेत, म्हणून लिहितो. त्या युनिटात टाकी बसली, दाब साडेतीनवर ठेवला आणि त्याच डायवर, त्याच पत्र्याच्या वाट्या निघाल्या. पॉलिशचे पैसे मात्र गेलेच होते.

माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. रॅम वर गेला तरी रिंग मागे रेंगाळत होती आणि वाटी पंचावर अडकून राहत होती. ऑपरेटर पोरगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन रॅमखाली हात घालून ती उचकटत होता. दर फेरीला. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं. त्या चुकीच्या जोडणीनं ते त्याला शिकवलं होतं. डाय बदलतानाही तेच. कुशनमध्ये हवा राहिली असेल तर पिना सैल होताच उसळतात. त्यासाठी प्रेसजवळ, टाकीच्या अलीकडे पण नॉन रिटर्नच्या पुढे, असा व्हॉल्व्ह पाहिजे की बंद केल्यावर तो पुढची हवा सोडून देईल आणि त्याला कुलूप लावता येईल. किल्ली डाय बदलणाऱ्याच्या खिशात. टाकी बसवली त्याच दिवशी तोही बसवला.

लाइन लोखंडी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेली, निळ्या पट्ट्याची, म्हणजे मध्यम जाडीची बी क्लास. पिवळा पट्टा पातळ, तो हवेला नको. शंभर फुटाला एक फूट उतार, हवा जाते त्या दिशेनं, आणि शेवटी पाणी सोडायचा ड्रेन कॉक. प्रेसकडे उतरणारा फाटा मुख्य पाइपाच्या वरच्या अंगातून काढायचा, बगळ्याच्या मानेसारखा वळवून, म्हणजे खालून वाहणारं पाणी त्यात उतरत नाही. हवेत पाणी कुठून येतं असं विचारणाऱ्यांना सांगतो. आमच्या रोवणीच्या दिवसांतल्या दमट हवेत मिनिटाला ३५ घनफूट हवा ओढणारा दहा हॉर्सपॉवरचा कंप्रेसर आठ तासांत साधारण नऊ लिटर पाणी लाइनीत आणि टाकीत सोडतो. दोन कळशा भरतील. ते निघालं नाही तर कुशनचे सील कुजतात, गंज धरतो, आणि पुन्हा दोष डायला जातो.

मग असं का होतं? मी खूप कोटेशनं पाहिली आहेत. प्रेसवाल्याचं कोटेशन प्रेसच्या नळीशी संपतं. कंप्रेसरवाल्याचं टाकीच्या व्हॉल्व्हशी. मधल्या तीस-चाळीस फुटांचा मालक कोणीच नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा २०२२ मध्ये २५ लाखांवरून ५० लाख झाली, आणि ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के अनुदानाची सोय आहे. पण मी पाहिलेल्या प्रकल्प अहवालांत शेड, प्रेस, डाय, कंप्रेसर, मोटार, वीज जोडणी असं सगळं होतं आणि हवेच्या लाइनीची ओळ नव्हती. ती नसली की तो खर्च मालकाच्या खिशातून, शेवटच्या आठवड्यात, उद्घाटनाची पत्रिका छापून झाल्यावर होतो. तेव्हा पांढरा पाइपच परवडतो. लोखंडी लाइन आणि टाकीचा फरक त्या दिवशीच्या मंडपात आणि जेवणात बसला असता, पण तेव्हा हे सांगायला कोणी नव्हतं.

म्हणून माझी विनंती अहवाल लिहिणाऱ्यांना आणि कर्ज मंजूर करणाऱ्यांना आहे. हवेची लाइन ही वेगळी बाब धरा, तिचं रेखाचित्र मागा आणि त्यावर पाइपाचा व्यास आणि टाकीची जागा लिहायला लावा. प्रेस विकणाऱ्यांनी कुशनला किती लिटरची टाकी आणि किती इंची पाइप लागतो ते बिलासोबत कागदावर द्यावं, फोनवर नको. आणि आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना एकदा तरी हवेच्या लाइनीला उतार देऊन, आटे पाडून, साबणाच्या पाण्यानं गळती शोधायला लावा. तीन मिलिमीटरचं भोक सात किलोला जवळपास तीन किलोवॉट वीज फुकट घालवतं, हे त्यांना वीज बिल हातात देऊन सांगितलं तर विसरणार नाहीत.

त्या नव्या कारखान्याच्या मालकाला मी ओळखत नाही. हे पत्र त्यांच्या वाचनात आलं तर राग मानू नये. मी पत्रावर नाव छापू नका म्हणतो आहे, कारण या भागातले निम्मे प्रेसवाले माझी गिऱ्हाईकं आहेत आणि कोणाला वाटू नये की दुसऱ्याचं काम वाईट सांगून मी माझं मागतो आहे. लाइन कोणाकडूनही करून घ्यावी.

आपला,
एक फिटर
ता. मोहाडी, जि. भंडारा

ता. क. – फोटोत उजवीकडून दुसऱ्या पाहुण्यांच्या फेट्यामागे जो एल्बो दिसतो, त्यावर डिंकाचा ओघळ आहे. जोड नीट बसलेला नाही. सगळी लाइन बदलेपर्यंत कंप्रेसर बंद ठेवणंच बरं. ते जमत नसेल तर निदान त्या भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्च्या आजच हलवाव्यात.