नख परत येतं

चि. सोनू,

काल "पप्पा, नख गेलं" एवढंच म्हणालास आणि नेट गेलं. मला वाटलं, बोटच गेलं! मग आईच्या मेसेजमधून कळलं: अनवाणी फुटबॉल, पायाच्या अंगठ्याला चिऱ्याची ठेच, आणि काळंनिळं झालेलं नख शेवटी गळून पडलं.

परत येणार का, विचारत होतास ना? येणार. नख टोकाला वाढत नाही, मुळाशी कातडीखाली तयार होतं आणि हळूहळू पुढे सरकतं. हाताच्या अंगठ्यावर पांढरी चंद्रकोर दिसते, तो त्या मुळाचाच बाहेर डोकावणारा भाग. तिथल्या जिवंत पेशी केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरतात, चपट्या आणि टणक होऊन मरतात. गाईच्या शिंगांचं बाहेरचं कवच आणि आपले केसही केराटिनचेच. नखाच्या पेशी मेलेल्या, म्हणून कापताना दुखत नाही. नखाखालचं मांस मात्र जिवंत, तुला काल रडवलं ते त्याने.

माझंही एक नख गेलं होतं. इंजिनरूममध्ये तर्जनीवर लोखंडी झाकण आदळलं. चूक माझीच, घाई नडली. दुखणं थांबलं तरी जमिनीवरचा पातळ वॉशर काही उचलता येईना. बोट टेकवलं की मऊ मांस मागे सरकायचं आणि वॉशर तिथेच. नख असलं की मांसाला मागून टेकू मिळतो, पकड घट्ट बसते, हाताला काय लागतंय तेही नीट कळतं. आजी भाजलेल्या काजूगराची तांबडी साल नखाने कशी अलगद काढते, बघ एकदा. मांजराची नखं बोचकारायला, आपली आणि माकडांची चपटी, अशा बारीक कामांना. पायाची नखं बोटांच्या टोकांवरची ढाल. तुझ्या ढालीने मार खाल्ला, एवढंच.

आता धीर धर. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मं. पायाच्या अंगठ्याचं नख पुरतं यायला वर्ष, दीड वर्षही लागेल. तोवर जागा स्वच्छ ठेव, बूट घालून खेळ. लाल होऊन सुजलं किंवा पू दिसला तर आईला सांग, लपवू नकोस. (लपवतोस, मला माहीत आहे.)

विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने आपल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाची वाढ ३५ वर्षं मोजली. बत्तिसाव्या वर्षी ते रोज ०.१२३ मिलिमीटर वाढे, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. मुळाशी कानशीने रेघ ओढायची आणि ती टोकाला कधी पोचते ते बघायचं, बस्स.

तूही कर. आईची नखं घासायची कानस घे आणि हाताच्या अंगठ्यावर, कातडीला लागून, अगदी हलकी रेघ मार. तिला टोकापर्यंत यायला चार ते सहा महिने लागतील, म्हणजे चवथीपर्यंत येईल. मी चवथीला घरी पोचतो. रेघ टोकाला आली तरी ते नख मी येईपर्यंत कापू नकोस.

तुझा,
पप्पा