लीड्सहून बापूकाकांना: ब्रॉड्रिकचा दगड आणि उत्तरेचा उजेड

लीड्स, १४ नोव्हेंबर

ती. बापूकाकांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

इथल्या, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या टाउन हॉलचा फोटो पाहून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: दगड कोणता, एवढा काळा कशानं झाला, आणि ठेकेदाराला परवडलं का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. नाही परवडलं. ठेकेदार बुडाला.

इमारत आर्किटेक्ट कथबर्ट ब्रॉड्रिकची. हा गडी लंडनचा नव्हे. हल बंदरातल्या जहाजमालकाचा मुलगा, जन्म १८२१ चा. तिथल्याच हेन्री लॉकवुडकडे उमेदवारी केली, मग फ्रान्स-इटली हिंडून जुन्या इमारती पाहिल्या आणि परत येऊन हलमध्येच ऑफिस थाटलं. १८५२ मध्ये लीड्सच्या कौन्सिलनं टाउन हॉलसाठी नकाशे मागवले. पारखायला सर चार्ल्स बॅरी, म्हणजे लंडनचं पार्लमेंट बांधणारा. पहिला आला ब्रॉड्रिक. दुसरा नंबर लॉकवुड आणि त्याचा भागीदार मॉसन यांचा, म्हणजे ज्याच्या हाताखाली शिकला त्यालाच मागे टाकलं. विजेता जेमतेम तिशीचा, त्यामुळे कौन्सिलवाले बिचकले. बॅरीनं भरवसा दिला तेव्हा कुठे काम मिळालं.

टेंडर सॅम्युअल अ‍ॅटॅक या ठेकेदाराचं लागलं, ४१,८३५ पाउंडांचं. १७ ऑगस्ट १८५३ ला पायाचा दगड बसला. काम संपेपर्यंत इमारतीचा खर्च १,२२,००० पाउंडांच्या घरात गेला, जवळजवळ तिप्पट. हे कसं होतं ते तुम्हाला मी काय सांगावं! त्यात सगळ्यात मोठा एक्स्ट्रा आयटम मनोऱ्याचा, २२५ फुटांचा. तो हवा की नको यावर कौन्सिलमध्ये बरीच वर्षं भांडण चाललं आणि १८५६ मध्ये होकार मिळाला, तोवर भिंती चढत आलेल्या. मनोरा हा प्रकार उशिरा सुचलेला परवडत नाही. त्याचा भार शेजारच्या भिंतीच्या कितीतरी पट, त्यामुळे तो जमिनीत जास्त खचतो. दोन्ही बांधकामं एकमेकांत गुंतवलेली असतील तर सांध्यात उभी चीर पडते. अ‍ॅटॅकचं दिवाळं १८५७ मध्ये वाजलं. व्हिक्टोरिया राणी उद्घाटनाला आली ७ सप्टेंबर १८५८ ला. आर्किटेक्टची फी त्या काळच्या रिवाजानं एकूण खर्चाच्या पाच टक्के, म्हणजे खर्च वाढला की त्याचं बिल आपोआप वाढणार. हा रिवाज कोणी लावला कोण जाणे, ठेकेदारानं नक्कीच नव्हे.

आतला मोठा हॉल १६१ फूट लांब, ७२ रुंद, ७५ उंच. चौकोनी धरून हिशेब केला तर नुसती हवाच साधारण ८,७०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). रात्री उजेड गॅसचा. गॅसची ज्योत उष्णताही देते आणि वाफही, त्यात माणसांची गर्दी. ती गरम हवा बाहेर काढायला छपरावर वायुवीजनाचे चार मनोरे ठेवलेत, आणि ते इतके नटवलेत की रस्त्यावरून पाहणाऱ्याला शोभेचेच वाटावेत.

आता दगड. तो इथला मिलस्टोन ग्रिट, म्हणजे भरड वाळूचा दगड. पूर्वी त्याची दळायची जाती करत, मिलस्टोन म्हणजे जात्याचा दगड, नाव त्यावरूनच पडलं. सिलिकाचे कण सिलिकानंच सांधलेले, म्हणून छिन्नीला चिवट. बारीक कोरणी त्यात टिकत नाही, मोठ्या ठाशीव घडणीला उत्तम. दगड थराथरानं बनलेला. खाणीत जसा आडवा होता तसाच भिंतीत आडवा बसवायचा. पाथरवटानं थर उभा करून दर्शनी बाजूला लावला तर पाणी थरांत शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि पापुद्रे सुटतात. कॉर्निसचा, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या पट्टीचा, पुढे आलेला दगड मात्र अपवाद. तो आडव्या थरात ठेवला तर खालचा उघडा पापुद्रा गळून पडेल, म्हणून तिथे थर उभे ठेवायचे, पण उघड्या तोंडाला नव्हे, शेजारच्या दगडाला भिडणाऱ्या बाजूला.

काळेपणा गिरण्यांच्या धुराचा. भरड दगडात काजळी रुतून बसते, पण धुरातल्या आम्लानं दगड विरघळत नाही. म्हणून १९७० च्या दशकात धुऊन काढला तेव्हा आतली घडण शाबूत निघाली. पुढच्या पायऱ्यांजवळ चार सिंह आहेत, १८६७ चे, ते पोर्टलंडच्या चुनखडीचे. त्यांना तीच हवा, तोच पाऊस, पण चुनखडी आम्लात विरघळते. त्यांचे चेहरे पार झिजून गुळगुळीत झालेत. एकाच अंगणात दोन दगडांचा असा तपास कुठे मिळायचा?

पण मला विचाराल तर ब्रॉड्रिकची खरी हुशारी धान्यबाजारात आहे, १८६० च्या दशकातल्या लीड्स कॉर्न एक्सचेंजमध्ये. आपल्या मार्केट यार्डात आडत्या पोत्यातून मूठभर काढून दाखवतो तसंच इथं चालायचं. पोती बाहेर, आत फक्त वानगी. तळहातावर गहू घेऊन रंग, टपोरेपणा, कीड, ओल पाहायची आणि भाव ठरवायचा. सगळा व्यवहार डोळ्यांवर, म्हणून इमारतीची सगळी रचना उजेडासाठी. साडी घेताना काकू दुकानाच्या दारात नेऊन पाहतात ना, त्याच कारणासाठी. थेट ऊन पडलं तर दाणा सोनेरी दिसतो, ढग आला की मळकट. विकणाऱ्याचा फायदा उन्हात, घेणाऱ्याचा ढगात. उत्तरेचा उजेड दिवसभर त्यातल्या त्यात एकसारखा. म्हणून घुमटाच्या उत्तरेच्या बाजूला काचेचा भलामोठा पट्टा ठेवलाय, आणि माथ्यावर लांबट झरोका. आपल्या सोलापूरच्या गिरण्यांचं करवतीच्या दातांसारखं छप्पर उत्तरेला काच लावतं, तेच तत्त्व. फरक इतकाच की २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य सोलापुरात ४९ अंशांवर असतो आणि इथे जेमतेम १३ अंशांवर. इथे एका भिंतीतल्या खिडक्यांवर भागत नाही, काच वर आकाशाकडेच हवी.

आकार लंबवर्तुळाचा: १९० फूट बाय १३६, घुमटाची उंची ७५. त्या मापानं साधारण २०,३०० चौरस फूट, आणि मध्ये एकही खांब नाही. कडेनं दोन मजल्यांवर व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या होत्या. अशा आकाराची कल्पना पॅरिसच्या गोल धान्यबाजारावरून आली, पण गोल सोडून लंबगोल घेतला की पाथरवटाचं काम किती वाढतं बघा. वर्तुळात वाकणाऱ्या भिंतीचा एक फर्मा, म्हणजे दगड घडवायचा नमुना, सगळीकडे चालतो. लंबवर्तुळात वाक जागोजागी बदलतो. एक फर्मा फार तर चार जागी लागू पडतो, त्यातही दोन उलटवून. घुमटाच्या कमानींचंही तेच, प्रत्येकीची लांबी वेगळी. यातून सुटायची नेहमीची युक्ती म्हणजे चार केंद्रांवरून वर्तुळाचे चाप जोडणं, मग दोनच वाकांत काम निघतं. जोड मात्र नीट जुळला नाही तर लांबून भिंत मोडल्यासारखी दिसते.

त्यात बाहेरचा प्रत्येक दगड हिऱ्यासारखा पैलू पाडलेला, मध्ये टोक आलेला. कडा गाडीत घासली की गेलीच. पण इथल्या तिरप्या उन्हात भिंत जी काही उठून दिसते!

बाकी कामं थोडक्यात. स्कारबरोचं ग्रँड हॉटेल, १८६७ चं, समुद्राच्या कड्यावर: चार मनोरे ऋतूंचे, बारा मजले महिन्यांचे, ५२ धुराडी आठवड्यांची, ३६५ खोल्या दिवसांच्या, असा मूळ हिशेब होता. न्हाणीघरात तेव्हा समुद्राच्या पाण्याचा वेगळा नळ होता. ही पंचांगाची करामत मला जरा पोरकट वाटते, पण विटांचं काम पाहण्यासारखं आहे. १८७० च्या आसपास त्यानं धंदा गुंडाळला आणि फ्रान्सला जाऊन चित्रं काढत, बाग करत राहिला. १९०५ मध्ये जर्सी बेटावर वारला. त्याच्या जन्मगावी हलमध्ये त्यानं बांधलेला टाउन हॉल नंतर पाडला. त्याच्या माथ्यावरची घुमटी तेवढी तिथल्या पिअर्सन पार्कात जमिनीवर उभी आहे.

लंबवर्तुळाच्या चापांची आकृती वेगळ्या कागदावर काढून सोबत ठेवली आहे, मापं फुटांत. काकूंना नमस्कार.

तुमचा,
बाळू