आजोबांची सही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पुढच्या महिन्यापासून शाळा सुटल्यावर दोन्ही मुलं तुमच्याकडे असतील. बाबा, तुम्ही विचारलंत, "अभ्यास घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते आहे.

पूर्वी परीक्षा वर्षातून दोन-तीनदा यायची. आता दर पंधरवड्याला चाचणी, मध्येच प्रकल्प, वर ऑनलाइन गृहपाठ, आणि रात्री दहाला पालकांच्या ग्रुपवर "उद्या काय न्यायचंय?" हा गलका. यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर लहानच आहे. पण सगळ्या मिळून मुलांचा मोकळा वेळ खातात, आणि मग कात्री लागते ती झोपेला नि खेळाला. त्यामुळे तुमच्या घरी दुसरी शाळा भरवू नका, एवढीच माझी विनंती आहे.

वेळ ठरवताना रात्रीकडून मागे मोजत या. अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दिलेला हिशोब साधा आहे: 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास, 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप. धाकटा साडेसहाला उठतो. नऊ तास धरले तर साडेनऊला तो झोपलेला हवा. पडल्या पडल्या झोप लागत नाही, वीसेक मिनिटं जातात. म्हणजे नऊला दिवा बंद, आठला पडदा बंद, मग तो टीव्हीचा असो की मोबाइलचा. खेळायला रोज तासभर हवाच, आणि तो गृहपाठाच्या आधी. "आधी अभ्यास, मग खेळ" असं केलं की अभ्यास लांबतो आणि खेळ बुडतो.

गृहपाठाला मर्यादा घाला. हॅरिस कूपर या संशोधकाने गृहपाठावरचे बरेच अभ्यास तपासले; त्यांचा ठोकताळा इयत्तेमागे दहा मिनिटं असा आहे. चौथीला चाळीस, नववीला नव्वद. प्राथमिक वर्गांत गृहपाठ वाढवल्याने गुण वाढतात याला फारसा आधार त्यांना सापडला नाही. म्हणून धाकट्याची वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं करा, मध्ये दहा मिनिटं उठू द्या.

आता गणित. इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. त्याच्या वहीत तुम्हाला असं दिसेल: 503 − 278 = 375. बघितल्याबरोबर "लक्ष कुठे असतं तुझं?" असं तोंडावर येईल. पण नीट पाहा. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, पाचातून दोन गेले तीन. लक्ष पूर्ण आहे, नियम चुकीचा आहे. उसना घ्यायला शेजारी गेला तर तिथे शून्य, मग त्याने आपली वाट काढली. अशा वेळी आणखी वीस वजाबाक्या दिल्या तर तो चुकीचाच नियम वीस वेळा घोटणार. त्यापेक्षा एकच घ्या आणि काड्यांचे गठ्ठे मांडा. पाच शतकांतलं एक शतक सोडलं की दहा दशकं; त्यातलं एक दशक सोडलं की दहा एकक. आता 4 शतक, 9 दशक, 13 एकक. यातून 2, 7, 8 काढले की 225. मग उत्तरात 278 मिळवून 503 येतात का, ते त्याचं त्यालाच पाहू द्या. असं एक उदाहरण हातांनी झालं, त्याच जातीची दोन त्याने एकट्याने सोडवली, की वही बंद. शाब्दिक उदाहरणात अडला तर रीत सांगू नका. "काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग," एवढंच म्हणा. बऱ्याचदा तिथेच गाठ सुटते.

घाईत किंवा भीतीत असताना शिकवायला बसू नका. काळजीही डोक्यात जागा अडवते. हातचा लक्षात ठेवायला जी जागा लागते, तीच. म्हणून मूल ओरडा खाल्ल्यावर येतंय तेही विसरतं. डोळे भरून आले की दहा मिनिटं विषय सोडा.

थोरलीचं निराळं आहे. ती धडा तीन-तीनदा वाचते, पिवळ्या पेनाने अर्धं पान रंगवते आणि "झालं" म्हणते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं: पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे. बाबा, हे काम तुमच्याजोगतं आहे आणि त्याला विज्ञान यावं लागत नाही. धडा वाचून झाला की पुस्तक तुमच्या हातात. ती कोऱ्या कागदावर पाच-सात मिनिटं आठवेल ते लिहील. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या शाईने भरेल. त्या दुसऱ्या शाईतलं तेवढंच दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने विचारा. पहिल्यांदा तिला "काहीच येत नाही" असं वाटेल आणि ती चिडेल. चिडू दे. रात्री तिला लवकर झोप येत नाही हा हट्ट नाही, या वयात शरीराचं घड्याळच मागे पडतं. फोन मात्र रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला.

चाचणीचा पेपर आला की "किती मिळाले, पहिलं कोण?" हे विचारायचा मोह आवरा. 20 पैकी 14 असतील तर गेलेल्या सहांची फोड करा: किती प्रश्न नीट न वाचल्यामुळे गेले, किती वेळ न पुरल्यामुळे, किती खरोखर येत नव्हते म्हणून. पहिल्याला प्रश्नातल्या मुख्य शब्दाखाली रेघ ओढायची सवय, दुसऱ्याला घड्याळ लावून सराव. अभ्यास लागतो तो तिसऱ्यालाच.

आणि आई, तू लाडाने "माझा हुशार राजा" म्हणतेस ना, ते इतर वेळी म्हण, गुणांच्या वेळी नको. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड प्रश्नांत आपटल्यावर लवकर हटली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. "गठ्ठे सोडून बघायचं तुला सुचलं की!" असं म्हटलंस तरी खूप झालं.

धाकटा सकाळी पोट दुखतं म्हणाला तर "नाटक" म्हणू नका. काळजीने खरंच पोट दुखतं. पंधरा दिवस कॅलेंडरवर खूण करा: कुठला वार, त्या दिवशी काय होतं. सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल आणि चाचणीच्या दिवशी हमखास दुखत असेल, तर मला सांगा, मी शाळेत बोलेन. दरवेळी घरी ठेवलं तर दुसऱ्या दिवशी जाणं आणखी जड होतं, तेव्हा धीर देऊन पाठवायचंच. पण दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, ताप किंवा उलटी असेल, वजन उतरत असेल तर वाट न बघता डॉक्टर.

राहिला प्रश्न चाळीस मिनिटांत न संपलेल्या गृहपाठाचा. तो तुम्ही पुरा करून देऊ नका आणि त्याला नऊनंतर बसवूही नका. जिथे थांबला तिथे समासात पेन्सिलीने लिहा, "40 मिनिटं झाली, इथवर झालं," आणि खाली सही करा. आजोबांची सही चालेल, मी बाईंना सांगून ठेवलंय.

तुमची,
लेक