तरुणांच्या ई-पैशामागे नुसती हौस नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुण मुलं रोख पैसे का बाळगत नाहीत, असं विचारलं की 'नव्या पिढीला मोबाईलचं वेड' हे उत्तर तयार असतं. गेली अनेक वर्षं वाणिज्य शाखेत शिकवताना मला ते कधीच पटलेलं नाही.

लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, यासाठी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन कारणं पुढे ठेवली: ते उपयोगी वाटणं आणि वापरायला सोपं वाटणं. २००३ मध्ये व्यंकटेश, डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी त्यात आजूबाजूच्या माणसांचा प्रभावही धरला. तरुणांच्या बाबतीत मला हाच धागा सर्वांत बळकट वाटतो. चौघं मिळून खर्च करतात, एकजण सगळ्यांचे पैसे भरतो आणि तिथल्या तिथे तिघांकडून वाटा मागतो. दोघं लगेच पाठवतात. तिसऱ्याकडे ॲप नसतं, तो 'उद्या रोख देतो' म्हणतो आणि ओशाळतो. त्याच संध्याकाळी तो ॲप घेतो. ही हौस नव्हे, मित्रांत मागे पडू नये म्हणून केलेली सोय आहे.

केनियात २००७ साली सुरू झालेली एम-पेसा ही मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सेवा तर साध्या बटणांच्या फोनवर, एसएमएसच्या आधाराने चालली. शहरात कमावणाऱ्याला गावी घरच्यांना पैसे पाठवायचे होते, ही तिथली खरी निकड. महागडा फोन नव्हे, गरज आणि जवळपास रोख भरून-काढून देणारा एजंट यांवर ती उभी राहिली.

स्वीकारणं मित्रांमुळे होतं, टिकणं मात्र विश्वासावर. खात्यातून पैसे वजा झाले, समोरच्याला पोचले नाहीत आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय, ही वेळ ज्याच्यावर आली त्याला कॅशबॅकचं आमिष पुरत नाही. त्याला हवं असतं ते तक्रार ऐकणारं माणूस आणि पैसे परत कधी मिळतील याची ठरलेली तारीख. जाहिरातींवरचा खर्च कंपन्यांनी आधी इकडे वळवावा.

आणखी एक गोष्ट पालकांनी व शिक्षकांनीही लक्षात घ्यावी. नोट हातातून जाताना मनाला जी टोचणी लागते, ती बोटाच्या एका स्पर्शाने पैसे देताना बरीच बोथट होते. पहिल्यांदाच स्वतःचा खर्च सांभाळणाऱ्या मुलाला महिनाअखेरीस 'पैसे गेले कुठे?' हा प्रश्न पडतो तो यामुळेच. त्याला उपदेश करून काही साधत नाही. प्रत्येक व्यवहारानंतर उरलेली रक्कम आणि त्या महिन्याचा एकूण खर्च ठळक अक्षरांत समोर आला पाहिजे, आणि खर्चाची मर्यादा त्याची त्याला सहज ठरवता आली पाहिजे. हे करायला तंत्रज्ञान अपुरं नाही. बक्षिसाचं कूपन मात्र प्रत्येक वेळी न चुकता दिसतं!

आपली,
एक वाचक प्राध्यापिका