वावरातल्या उपड्या डब्यांविषयी मित्रास पत्र

यवतमाळ जिल्हा,
१ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तू गावी आलास तेव्हा आमच्या वावरात, धुऱ्यालगत उपडे घातलेले सहा टिनाचे डबे पाहून हे काय आहे असे तू विचारलेस, आणि तुला बस गाठायची असल्यामुळे ‘मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजतो आहे’ एवढेच मी सांगू शकलो. ते उत्तर फार अपुरे होते. गेली दोन वर्षे शाळेव्यतिरिक्तचा माझा बहुतेक वेळ ज्यात जातो, ते तुला नीट सांगावे म्हणून हे पत्र लिहितो आहे.

डब्याची रीत जुनी आणि साधी आहे. मातीवर एका बशीत मोजून सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ठेवायचे, त्यावर डबा उपडा घालून त्याची कड मातीत दोन-तीन बोटे दाबायची आणि चोवीस तास तसेच राहू द्यायचे. मुळे आणि जिवाणू जो वायू सोडतात तो त्या द्रावणात शोषला जातो. दुसऱ्या दिवशी बेरियम क्लोराइड घालून तयार झालेला कार्बोनेट पांढऱ्या साक्याच्या रूपाने बाजूला काढायचा आणि उरलेला अल्कली, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्लाने मोजायचा. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शक द्रव्याचा गुलाबी रंग गेला की थांबायचे. एक नॉर्मल तीव्रतेच्या (लिटरला ४० ग्रॅम) सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा एक मिलिलिटर वायू शोषण्यात खर्ची पडला असेल, तर २२ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड पकडला गेला. एक डबा मातीवर न ठेवता बंद तळाचा ठेवावा लागतो, कारण आतल्या हवेत मुळात असलेला वायू वजा करायचा असतो. पहिल्या वर्षी मी डबे उघड्या उन्हात ठेवले आणि आतली माती बाहेरच्या मातीपेक्षा कितीतरी तापली. ते सगळे आकडे मला टाकून द्यावे लागले. आता डब्यांवर ओले पोते असते.

पण डबा फक्त बाहेर पडणारा वायू सांगतो. उभे पीक दिवसभर जो आत ओढते त्याचा हिशोब त्यात नाही, आणि खरा प्रश्न या दोहोंच्या फरकाचा आहे. पृथ्वीवरच्या जमिनीवरील वनस्पती वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात आणि श्वसन, कुजणे, वणवे यांतून जवळजवळ तेवढाच परत जातो. जमिनीत आणि झाडांत उरतो तो सुमारे ३ अब्ज टन. आपल्याकडे कापसाची गाडी धर्मकाट्यावर भरलेली एकदा आणि रिकामी एकदा तोलतात, तेव्हा फरक मोठा असतो म्हणून काट्याची लहानसहान चूक खपून जाते. इथे मात्र तीन टनांची गाडी चालकासह एकदा आणि चालक उतरल्यावर एकदा तोलून, त्या फरकातून चालकाचे वजन काढायचे आहे. एका तोलात काटा शेकडा दोनने चुकला तर जवळजवळ अख्खा चालकच नाहीसा होतो.

म्हणून पिकावर मनोरा उभारून हा फरक थेट हवेतच मोजण्याची युक्ती निघाली. स्विनबँक या शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये तिची मांडणी केली आणि १९९७ पासून जगभरचे असे मनोरे फ्लक्सनेट या जाळ्यात जोडले गेले. आपल्या अमरावती जिल्ह्याला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यात, सागाच्या मिश्र पानझडी जंगलातही असा मनोरा उभारलेला आहे. मनोऱ्यावर ध्वनिलहरींनी वारा मोजणारे यंत्र असते; ते वाऱ्याचा वेग तिन्ही दिशांनी सेकंदाला दहा-वीस वेळा टिपते. शेजारी अवरक्त किरणांनी वायू मोजणारे यंत्र असते, कारण ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. वारा भोवऱ्यांनी वाहतो हे तू उफणणीच्या वेळी पाहिलेच आहेस. भर दिवसा हिरव्या पिकावरून वर चढणारा भोवरा वायू देऊन आलेला, म्हणजे विरळ असतो, आणि खाली उतरणारा भोवरा तो भरून आणत असतो. प्रत्येक क्षणीचा वर-खाली जाणारा वेग आणि त्याच क्षणीचे वायूचे प्रमाण यांचे सरासरीपासूनचे फरक गुणून त्यांची अर्ध्या तासाची सरासरी काढली, की जमीन घेते आहे की देते आहे ते कळते. आमच्या पाच एकरांवर मात्र हे जमणार नाही. मनोऱ्याच्या उंचीच्या साधारण शंभरपट अंतरापर्यंत एकच पीक असावे असा ठोकताळा आहे, आणि आमच्या शेजारी एकीकडे तूर, दुसरीकडे सोयाबीन व पलीकडे नाला आहे.

या मोजणीच्या चुका कोणत्या बाजूला झुकतात, ते मला तुला मुद्दाम सांगायचे आहे. मे महिन्यातली तापलेली, वखरलेली काळी माती घे. तिच्यावरची गरम हवा प्रसरण पावून वर चढते. प्रसरणामुळे तिच्या प्रत्येक घनमीटरात वायू कमी दिसतो, आणि यंत्र असे दाखवते की उघडी माती कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आहे. तिथे हिरवे पानही नसते! वेब, पिअरमन आणि ल्युनिंग यांनी १९८० मध्ये या दोषाची दुरुस्ती मांडली, आणि अशा उघड्या तप्त जमिनीवर ती दुरुस्ती प्रत्यक्ष प्रवाहापेक्षाही मोठी असू शकते. हिवाळ्यातल्या निवांत, निरभ्र रात्री याहून अवघड असतात. वारा पडला की मातीतून निघालेला वायू जमिनीलगतच साचतो, थंड हवेबरोबर उतारावरून नाल्याकडे सरकतो आणि मनोऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा रात्रींचे आकडे बाजूला काढून ते तापमानावरून अंदाजाने भरावे लागतात. न भरले तर वावराने घेतलेले सगळे जमेस धरले जाते आणि परत दिलेले अर्धेच. दोन्ही चुका जमिनीच्या बाजूने, तिला गुणी ठरवण्याकडे झुकतात, आणि म्हणूनच जमिनीने फार कार्बन घेतला असे सांगणाऱ्या प्रत्येक आकड्याची रात्र मी आधी तपासतो.

मग येतो मृग. बर्च या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करताना १९५८ मध्ये दाखवले की पूर्ण कोरडी झालेली माती भिजताच तिच्यातील सेंद्रिय पदार्थ एकदम वेगाने कुजू लागतो. उन्हाळ्यात मेलेल्या जिवाणूंचे अंश, आणि जगलेल्यांनी कोरड तग धरण्यासाठी साठवलेली द्रव्ये, हे सगळे पाणी मिळताच खाद्य होते. काही तासांत वायूचा लोंढा निघतो आणि काही दिवसांत ओसरतो. आपल्या भेगाळलेल्या काळ्या मातीला वर्षातून एकदा हीच अवस्था येते. आणि नेमक्या त्याच तासात मनोऱ्यावरच्या, मोकळ्या हवेतूनच किरण सोडणाऱ्या अवरक्त यंत्राच्या काचेवर थेंब बसतात आणि आकडे निकामी होतात. माझ्या डब्यांचीही तीच अडचण आहे, कारण डबा स्वतःच पाऊस अडवतो. गेल्या वर्षी हे माझ्या ध्यानातच आले नाही. बाहेरची जमीन भिजली, डब्याखालची कोरडीच राहिली, आणि वर्षातला सर्वांत मोलाचा दिवस हातचा गेला. यंदा एका चौरस मीटरला एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस या हिशोबाने, पर्जन्यमापकात जेवढा पडेल तेवढे पाणी मी डब्याखालच्या मातीवर झारीने घालणार आहे आणि पहिले दोन दिवस बशा दर सहा तासांनी बदलणार आहे.

आणखी एक गोष्ट मनोऱ्याला दिसत नाही, ती म्हणजे बंडी. कापूस बाजारात गेला आणि पऱ्हाटी चुलीत गेली, तर त्यातला कार्बन वावरात राहिला नाही, जरी यंत्राने तो जमेस धरला असला तरी. गावात आता जमिनीत कार्बन साठवल्याच्या मोबदल्याची भाषा ऐकू येऊ लागली आहे. शेतकऱ्याला मोबदला मिळावा असे मला मनापासून वाटते. पण केवळ हिरव्या महिन्यांच्या दिवसा घेतलेल्या आकड्यांवर कोणी तो ठरवला, तर एखाद्या वर्षी तोच आकडा उलटेल आणि खोटेपणाचा ठपका शेतकऱ्यावर येईल. उघड्या जमिनीचे महिने, निवांत रात्री, पहिला पाऊस आणि गेलेली बंडी, हे सगळे वहीत असल्याशिवाय हिशोब मांडू नये, असे मी इथल्या लोकांना सांगत असतो.

तू आठ तारखेच्या आसपास येऊ शकलास तर फार बरे होईल. रात्रीच्या बशा बदलायला एक जण लागतो, आणि पाऊस रात्रीच आला तर एकट्याने टॉर्च धरून सहा डबे उचलणे कठीण आहे. येताना फिनॉल्फ्थॅलिनची एक बाटली आण. माझी संपत आली आहे.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा मित्र