झाडाला खिळा मारू नकोस

मॅडिसन, विस्कॉन्सिन
१२ ऑक्टोबर

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोन ठेवल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. तू सहज बोलून गेलास, "यंदा पिकाच्या जागलीसाठी बांधावरच्या मोहाच्या झाडालाच लोखंडी अँगल ठोकतो अन् वर फळ्या टाकतो." आणि मी शिकारीसाठी मचाण विकत आणलं हे ऐकून म्हणालास, "चार बांबू बांधता येत नाहीत का रे तुला आता?" तेव्हा मी विषय बदलला. आता सगळं सांगतो.

मला बांधता येतं, दिनू. मी बांधलंही होतं. गेल्या वर्षी माझा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा बर्फावर घसरलो असं तुला सांगितलं ना, ते खोटं होतं. आईच्या कानावर जाऊ नये म्हणून तुझ्याशीही खोटं बोललो, याचं वाईट वाटतं. मी मचाणावरून पडलो होतो.

इथे बंदुकीने हरणाच्या शिकारीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी तो सुरू होतो. परवाना लागतो, आणि १९७३ पासून पुढे जन्मलेल्याला आधी शिकारीचा सुरक्षा-वर्ग पुरा करावा लागतो. अंगात भडक नारिंगी कपडे घालून माणसं पहाटे अंधारात झाडावर जाऊन बसतात. उंचावर बसलं की माणसाचा वास हरणाच्या नाकापर्यंत कमी जातो, आणि बार खालच्या दिशेने जात असल्यामुळे चुकला तरी गोळी मातीत शिरते.

चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात जुळ्या ओक झाडांच्या मध्ये मी मचाण ठोकलं. फळ्या औषध मुरवलेल्या, पायऱ्याही त्याच लाकडाच्या, थेट खोडावर खिळ्यांनी मारलेल्या. काम पुरं झालं तेव्हा किती आनंद झाला होता! आपल्या हाताने केलेली वस्तू म्हणजे पक्की, असंच मी धरून चाललो. गेल्या नोव्हेंबरात पहिल्याच पहाटे वर चढताना आठेक फुटांवर हातातली पायरी खिळ्यांसकट निघून आली आणि मी उजव्या मनगटावर पडलो. बंदूक रिकामी करून खाली दोराला बांधून ठेवली होती, म्हणून एवढ्यावरच भागलं.

उजाडल्यावर तो खिळा मी तळहातावर घेतला. डोकं धडधाकट, पण फळीत आणि खोडात दडलेला भाग काळा पडून काडीसारखा बारीक झालेला. खोडातल्या भोकाभोवती निळसर काळं कडं उठलं होतं. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की शाई होते, तसंच ओकच्या लाकडात होतं. शिवाय इथे हल्ली घरगुती लाकडात जे औषध मुरवतात त्यात तांबं जास्त असतं, आणि तांबं साध्या लोखंडाला खातं. त्याला जाड जस्ताचा मुलामा दिलेले नाहीतर स्टेनलेसचेच खिळे-बोल्ट लागतात. मी घरात उरलेले साधे खिळे वापरले होते.

खिळे चांगले असते तरी पुढे कधीतरी हेच झालं असतं. खोड दरवर्षी जाड होतं, फळीला आतून बाहेर रेटतं आणि खिळा सैल करतं. वाऱ्यात दोन झाडं दोन दिशांना हलतात आणि मधली चौकट पिळवटते. जिवंत झाड म्हणजे घराचा खांब नव्हे.

म्हणून यंदा शिडीचं तयार लोखंडी मचाण आणलं. पंधरा फूट उंच, झाडाला पट्ट्यांनी आवळायचं, झाडात काही शिरत नाही. पैशाचं म्हणशील तर माझ्या लाकडाचं आणि बोल्टांचं बिल याहून जास्त झालं होतं. विकतचं आणून विसरून जायचं असं मात्र नाही. पट्टे उन्हाने विरतात, खारी कुरतडतात. हंगाम संपला की सोडवून घरात ठेवायचे आणि लावताना बोट फिरवून तपासायचे. सोबत अंगात घालायचा पट्टा असतो, हार्नेस. वर झाडाला बांधलेला दोर खालपर्यंत सोडलेला असतो आणि त्यावर एक सरकती गाठ असते. माणूस चढतो तशी ती सरकवत न्यायची, झटका बसला की ती आवळते. माणसं बहुतेक चढता-उतरताना आणि शिडीवरून बैठकीवर पाय टाकतानाच पडतात, म्हणून पाय जमिनीवरून उचलायच्या आधीच दोर अडकवायचा.

बांधायची हौस मी दुसरीकडे भागवली. पोराला घेऊन कुरणाच्या कडेला चार खांबांवर एक खोपटं उभं केलं. जमिनीपासून सहा फूट, तिरपे टेके, जस्ताच्या मुलाम्याचे बोल्ट, बुटांचा आवाज होऊ नये म्हणून आत जुना गालिचा. टेके लावताना तुझ्या आबांचा माळा आठवला. बाभळीच्या चार मेढी, अंबाडीचे दोर, वर बाज. आबांनी कधी झाडाला खिळा मारला नाही! मेढी आपला भार आपण घेत होत्या, आणि दोर ताणला तरी तुटत नव्हता. रात्रभर रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायला आपण तिथूनच डबा बडवायचो. आपल्याला ते गरिबीचं बांधकाम वाटायचं, पण ते माझ्या मचाणापेक्षा कितीतरी शहाणं होतं रे.

तेव्हा माझं ऐक. अँगल परत कर. माळा मोहाजवळच बांध, पण भार चार मेढींवर दे. मोहाच्या खोडाला, डोक्याच्या वर, फक्त दोर गुंडाळ आणि स्वतःला त्यात अडकवून बस. जागलीत पहाटे तीनच्या सुमारास डुलकी लागतेच, तुला काय सांगायचं. आणि एकटा जाऊ नकोस. पडलेला माणूस पट्ट्यात बराच वेळ लोंबकळत राहिला तर पायातलं रक्त वर येत नाही, म्हणून हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवंच.

माझा भाचा डिसेंबरात नागपूरला येतोय, त्याच्यासोबत हार्नेस आणि दोर पाठवतो. तुझं वजन आणि छातीचं माप लगेच कळव. तोवर मोहावर चढायचं नाही.

आबांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सुधीर